तर्रीचा राखीव माणूस

संकटं माणसाला शोधत येतात, असं म्हणतात. आमच्या साडूंच्या बाबतीत हे उलटं होतं. ते स्वतः संकटाच्या शोधात फिरत आणि संकट बिचारं तोंड चुकवून पळत असे. अख्ख्या नागपुरात त्यांच्याइतका तयारीत बसलेला माणूस सापडायचा नाही. 'बसलेला' म्हणणंही तसं चूकच, कारण त्यांना नीट बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. ते खुर्चीच्या टोकावर टेकायचे, तेही एक पाय दाराकडे काढून. जेवताना घास हातात तसाच धरून थबकायचे, नाक वर करून हवा हुंगायचे आणि विचारायचे, "गॅसचा वास येऊन राहिला का गा?" वास त्यांच्याच पानातल्या लसणाच्या चटणीचा असे. पंखा नेहमीपेक्षा जरा जास्त डुलला की भूकंप. शेजाऱ्यांनी कचरा पेटवला की वणवा. आणि आभाळात तळहाताएवढा ढग दिसला की माझा फोन वाजलाच म्हणून समजा. "साडूभाऊ, आभाळ पाहिलं का?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम आभाळ.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही नागपूरच्या बेसा भागात एकाच लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहतो. त्यांचं घर मागच्या गल्लीत, नाल्याच्या अंगाला. माझं पुढे चढावर. आयुष्यभर त्यांनी बिछायतीचा धंदा केला. लग्नाकार्याला मांडव घालायचा, कनाती बांधायच्या, गाद्या-लोड-खुर्च्या पुरवायच्या आणि कार्य उरकलं की सगळं गुंडाळून पुढच्या गावी निघायचं. या धंद्यात माणूस नवरीकडे पाहत नाही, आभाळाकडे पाहतो. ऐन वैशाखात खाप्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वावटळ आली आणि त्यांचा नवा कोरा शामियाना दोरांसकट उचलून घेऊन गेली. वऱ्हाडी पळाले, भटजी पळाले, नवरदेव बाशिंग धरून पळाला. साडू मात्र एक दोर दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, आणि शामियान्यानं त्यांना धुळीतून पार कन्हान नदीच्या काठापर्यंत ओढत नेलं. ही गोष्ट ते नेहमी सांगत आणि शेवटी म्हणत, "खुंटी कच्ची होती गा. माणूस वाऱ्यानं नाही मरत, कच्च्या खुंटीनं मरते." त्यानंतर त्यांना जगातली प्रत्येक खुंटी कच्ची दिसू लागली.

धंदा पुतण्याच्या हाती देऊन ते घरी बसले, तेव्हा ही सगळी बेचैनी कुठे न्यावी हा त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न होता. तो एका मांजरीनं सोडवला. गोदामातल्या जुन्या दऱ्या त्यांनी आठवण म्हणून घरी आणल्या, त्यातल्या एका गुंडाळीतून पिल्लू निघालं. रंग पोह्यांवरच्या तर्रीसारखा, लालभडक म्हणावा असा. म्हणून तिचं नाव तर्री. त्यांना मांजरं मुळीच आवडत नसत. पहिले काही दिवस ते तिच्याकडे बिल न दिलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसे पाहत. मग एकदा मोटारपंपाच्या आवाजानं दचकून ती कपाटामागे जाऊन बसली आणि दिवसभर बाहेरच आली नाही. साडू कपाटापुढे जमिनीवर आडवे पडून तिला बोलावत राहिले. संध्याकाळी उठले ते वेगळाच माणूस होऊन. "हिले घरातल्या घरात शोधाले आपल्याले दिवस लागला," ते मला म्हणाले. "उद्या आग लागली तर?"

झालं. त्या 'उद्या आग लागली तर' नंतर त्यांना चैन म्हणून पडली नाही. प्रथम पिशवी तयार झाली. घर सोडून पळायची वेळ आली तर एका हातानं उचलायची, म्हणून तिचं नाव पळती पिशवी. तीत तर्रीचं कोरडं खाणं, पाण्याची बाटली, वाळूचं पुडकं, पंजाला लागलं तर मलम, लसीचे कागद आणि तिच्या आवडत्या पोत्याचा तुकडा. हे सगळं दर महिन्याला बाहेर काढून उन्हात ठेवायचं आणि परत भरायचं. पिशवी शिवली होती मांडवाच्या उरलेल्या कापडातून, लाल मखमल आणि कडेला सोनेरी झालर. त्यामुळे ते पिशवी घेऊन सराव करत फाटकाबाहेर पडले, की कुणाच्या तरी घरचा रुखवत निघाला आहे असं वाटायचं.

मग फोटो. मांजर हरवलं आणि दुसऱ्या कुणी 'हे आमचं' म्हटलं तर पुरावा हवा, म्हणून मालक आणि मांजर एकत्र असा फोटो पिशवीत असावा, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना पुरावा वाटेना. तर्रीला टोपलीत घालून ते थेट स्टुडिओत गेले. फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा हसा. काका म्हणाले, आपत्तीच्या वेळेस कोण हसते? त्या फोटोत दोघंही सारखेच दचकलेले आहेत, डोळे विस्फारलेले, मिशा ताठ. मालकीबद्दल कुणालाही शंका येऊ नये असा तो फोटो आहे. ताईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अजी, लग्नानंतर माझ्यासंगं एक फोटो नाही काढला तुमी!" साडू गंभीरपणे म्हणाले, "तू हरवली तर नाव-पत्ता सांगशील ना वं."

ताई म्हणजे माझी मेहुणी. नवऱ्याच्या या सगळ्या धावपळीत घर चालवणारी आणि मधून मधून एखादं वाक्य टाकून त्याला जमिनीवर आणणारी बाई. दारावरच्या पाटीचा किस्सा तर आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. साडूंनी स्वतःच्या हातानं रंगवून दारावर पाटी लावली, 'आत मांजर आहे. आग, पाणी, भूकंप काहीही झाल्यास आधी तिला बाहेर काढावे.' ताई भाजी घेऊन आल्या, पाटी वाचली आणि पिशवी हातात तशीच धरून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"आन् मी?"

"तुले पाय आहेत ना वं."

"तिले चार आहेत!"

 साडूंनी ब्रश घेतला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बायकोही आत असू शकते.'

सर्वांत मोठा कार्यक्रम असे सरावाचा. साडू अंगणात उभे राहून पळीनं थाळी बडवत. थाळी वाजली की ताईंनी गॅस बंद करायचा, साडूंनी वीज बंद करायची आणि तर्रीनं पिंजऱ्यात जाऊन बसायचं, अशी योजना. पिंजऱ्याची तिला सवय व्हावी म्हणून तो बारा महिने बैठकीत उघडा पडलेला असे. त्यातच तिचं खाणं ठेवत, आणि आत भीतीचं काही नाही हे पटवण्यासाठी साडू स्वतः त्यात मान घालून दाखवत. एकदा मान अडकली तेव्हा ताईंनी तेल लावून सोडवली. इतर वेळी तर्री त्या पिंजऱ्यात मजेत झोपायची, पण थाळी वाजली रे वाजली की बाणासारखी सुटायची आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, जुन्या दऱ्यांच्या ढिगाआड गडप व्हायची. सराव जितका वाढला, तितका तिचा वेगही वाढला. "अर्धं शिकली गा ती," साडू मला घाम पुसत सांगत. "जीव घेऊन पळायचं हे समजलं. कुठं पळायचं, तेवढं राहिलं."

या सगळ्यात माझा प्रवेश झाला तो राखीव माणूस म्हणून. आपण घरी नसताना काही झालं तर तर्रीला बाहेर काढणारं कुणीतरी जवळपास हवं, हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर साडूंनी सगळी गल्ली धुंडाळली. एका घरी कुत्रा निघाला, दुसरीकडे मांजराचा केस नाकात गेला की शिंका. मग उरलो मी. मला मांजराचं प्रेम नाही, द्वेषही नाही. एवढी पात्रता त्यांना पुरली. लाल दोऱ्यात ओवलेली घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात अशी ठेवली, की मला वाटलं आता ओवाळतील. तर्रीला माझा वास ओळखीचा व्हावा म्हणून माझं एक जुनं बनियन त्यांनी माझ्या बायकोकडून परस्पर नेलं आणि पळत्या पिशवीत ठेवलं. शिवाय दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन तिच्यासमोर बसायचं. मी बसायचो. ती माझ्याकडे पाठ करून बसायची. आणि साडू येरझारा घालत माझी परीक्षा घ्यायचे.

"समज, मी मौद्याले बहिणीकडे आहे अन् इकडे पाणी आलं. काय करशील?"

"आधी वीज बंद."

"कुठून?"

"व्हरांड्यातला मेन स्विच. कोरड्या लाकडावर उभं राहून."

"मग?"

"मग तर्रीला पिंजऱ्यात..."

"चुकलं! आधी दार लावशील का नाही? ती बाहेर पळाली तर?"

"मास्तर," आतून ताई त्यांना चिडवत म्हणायच्या, "पोहे थंड होऊन राहिले."

मी हसत असे. घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवत असे. पण खरं सांगायचं तर त्या येरझारांची मला सवय होऊन गेली होती. माझ्या छातीत दुखून मला दवाखान्यात ठेवलं, स्टेंट टाकला, तेव्हा इतर नातेवाईक सफरचंदं घेऊन आले. साडू आले ते आधी आग विझवायचं नळकांडं कुठे आहे हे पाहून, जिना किती रुंद आहे हे मापून. मग माझ्या कॉटशी उभे राहून हळूच म्हणाले, "घाबरू नको. या मजल्यावरून तुले खाली न्यायला दोन रस्ते आहेत." माझ्या तब्येतीची चौकशी करायची त्यांची ती रीत होती.

आणि मग एका भाद्रपदात ते खरोखरच मौद्याला गेले आणि इकडे खरोखरच पाणी आलं.

त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. संध्याकाळपर्यंत परतायचं म्हणून तर्रीला घरीच ठेवून, मला सकाळी फोनवर उजळणी करायला लावून दोघं गेले. सकाळपासून पाऊस होताच, पण दुपारी तो असा कोसळू लागला की समोरचं घर दिसेना. आमच्या चढावर पाणी साचलं नव्हतं. मी खिडकीशी उभा राहिलो, बसलो, परत उठलो. साडूंना फोन लावला, तो लागेना. तेवढ्यात मागच्या गल्लीतून माणसं सामान डोक्यावर घेऊन येताना दिसली. एकजण ओरडून सांगत होता, नाला फुटला, पाणी घरात घुसलं.

मी कोनाड्यातली किल्ली घेतली. बायको दारात आडवी उभी राहिली. "कुठं निघाले? छातीत काय टाकलं आहे ते आठवते ना? मांजरीसाठी जाता?" मी म्हटलं, आलोच. मला मांजरीचं एवढं काय होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण साडू तिकडे मौद्याला फोन कानाला लावून उभे असतील, एवढंच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

गल्लीत पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि त्याला ओढ होती. मी कुंपणं धरत धरत गेलो. व्हरांड्यात बाकावर चढलो, मेन स्विच पाडला, दार उघडून आत गेलो आणि मागे लोटून घेतलं. बैठकीत चपला, पाट आणि तो प्लास्टिकचा पिंजरा, रिकामा, होडीसारखा गोल गोल फिरत होता. तर्री कुठेच नव्हती. पलंगाखाली पाणी, कपाटामागे पाणी. मी तिच्या नावानं हाका मारत सुटलो. माझाच आवाज मला परका वाटत होता. शेवटी स्वयंपाकघरात वर पाहिलं, तर माळ्यावर दऱ्यांच्या आडून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. मी ओट्यावर चढलो. हात पोहोचेना. ये म्हटलं, तर ती आणखी मागे सरकली. एवढ्यात खाली काहीतरी धडाडलं. अंगणाची मागची भिंत कोसळली होती आणि पाणी एकदम वाढलं. दाराकडे पाहिलं, तर आता उतरून तिथवर जायची माझी हिंमत होईना. छातीत धडधडत होतं. ते भीतीनं की दुसऱ्या कशानं, तेही समजेना. मी ओट्यावर बसलो, पाय पोटाशी घेतले आणि मांजरीशी बोलू लागलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक तिला धीर देत होतो आणि स्वतः ऐकत होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर माणसांचा ओरडा झाला, दार धाडकन उघडलं आणि साडू आत आले. कमरेएवढ्या पाण्यात, बारशाला घातलेला रेशमी कुडता अंगाला चिकटलेला, कमरेला जाड दोर. बारशात त्यांचा जीव रमलाच नव्हता. पानावरून उठून, ताईंना ओढत ते निघाले होते. रिक्षावाला मोठ्या रस्त्यापुढे येईना, तेव्हा ताईंना तिथल्या किराणा दुकानात बसवून त्यांनी शेजारच्या गणपतीच्या मांडवाचा दोर सोडवून मागितला. एक टोक चार माणसांच्या हातात दिलं, दुसरं स्वतःला बांधलं आणि पाण्यात उतरले. ते तर्रीसाठी उतरले होते. मी आत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मला ओट्यावर पाहून ते स्वयंपाकघराच्या दारातच थिजले.

"तर्री वर आहे," मी म्हटलं. "उतरत नाही जी. मी खूप बोलावलं."

"तू काहून आला गा?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"मी सांगितलं म्हणून येशील तू? असं काळीज घेऊन?" ते इतक्या जोरात ओरडले की माळ्यावरचे डोळे नाहीसे झाले. "मांजर गेली चुलीत! तुले काही झालं असतं तर मी तुह्या बायकोले काय तोंड दाखवलं असतं?"

त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. हजारो मांडवांच्या गाठी मारलेले ते हात, पण त्या दिवशी त्यांना गाठ मारता येईना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मला पुढे घालून, एका हातानं माझी कॉलर आणि दुसऱ्यानं दोर धरून त्यांनी मला बाहेर काढलं. दारातून निघताना त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "तिथं पाणी जात नाही. राहू दे." मग मागे वळून पाहिलं नाही.

दुकानात ताईंनी मला पदरानं पुसलं आणि माझ्या बायकोला बोलावून घेतलं. ती आली, माझ्याजवळ बसली आणि बरंच बोलली. साडूंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. माझं मनगट बोटांत धरून ते नाडी पाहत बसले होते. त्यांना नाडीतलं काही कळत नाही. दुकानदारानं दिलेला चहा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मग ते म्हणाले, "मी गंमत म्हणून नव्हतो करत हे सगळं. पण तू खरंच येशील, असं नव्हतं वाटलं गा."

दिवेलागणीला पाणी ओसरलं. आम्ही सगळेच साडूंच्या घरी गेलो. तर्री आपली आपण माळ्यावरून उतरली, ओल्या फरशीवर एकेक पंजा झटकत आमच्यामधून चालत गेली आणि इतक्या उशिरा आल्याबद्दल आम्हाला बरंच काही बोलली. ताईंनी तिला उचलून छातीशी धरलं आणि रडू लागल्या. साडू चिखलात पडलेला पिंजरा सरळ करत राहिले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून किल्ली परत घेतली. दोन दिवसांनी चालत आले, दारातच उभे राहिले आणि हात पुढे केला. मी म्हटलं, असू द्या. ते म्हणाले, "दे." रविवारच्या परीक्षा थांबल्या. दारावरची पाटी त्यांनी खरवडून काढली. ताई सांगत, आता दुपारी चांगले झोपतात, जेवताना मधेच उठत नाहीत. ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला ते का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाला. एका दुपारी दक्षिणेकडून आभाळ असं काळंभोर भरून आलं की घरात दिवा लावावा लागला. मी फोन जवळ घेऊन बसलो. फोन वाजला नाही. मी उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. बायको म्हणाली, "काय घिरट्या घालून राहिले हो तुम्ही?" शेवटी छत्री घेतली आणि मागच्या गल्लीत गेलो.

साडू व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. नीट, पाठ टेकून. मांडीवर तर्री. मला पाहून त्यांनी 'काहून आला' असं विचारलं नाही, पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. आम्ही नाल्याकडे पाहत राहिलो. पाऊस पडत होता आणि ते तर्रीच्या पाठीवरून हात फिरवत होते. गेल्या वर्षभरात ते किती वाळले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"पाणी वाढून राहिलं का गा?" त्यांनी विचारलं. विचारण्यात घाई नव्हती.

"नाही जी. आहे तेवढंच आहे."

"वाढलं तर सांगशील," ते म्हणाले. "मले आता तिथवर दिसत नाही नीट."

मी हो म्हटलं आणि खुर्ची जराशी पुढे घेतली.